पाहणाऱ्याचा रकाना

नाझिब्रोला 'नाही' असं कधी लिहीत नाही.
'आढळलं नाही' लिहिते, पुढे तारीख, वेळ,
ऊन होतं की धुकं, गुडघा दुखत होता का, तेही.
म्हणते, नाही म्हणायला अख्खा डोंगर
पालथा घालावा लागतो,
आणि तेवढं माझ्या पेन्शनीत बसत नाही.

एकेचाळीस उन्हाळे ती तुशेतीचे चौकोन चढते आहे.
एक चौकोन नकाशावर नखाएवढा,
पायांना दीड दिवस.
यंदा तिचा दाब माझ्या पाठीवर: दोन फळ्या, चार पट्टे,
मधे जुनी वर्तमानपत्रं.
कुठल्याशा योजनेतल्या विक्रमी पोलादावर
रानटी जिरेनियम निजलं आहे,
पाकळीखालून मंत्र्याचा अर्धा कान दिसतो.

रात्री तंबूत ती नावं वाचते.
आधी लॅटिन, मग जॉर्जियन, मग मेंढपाळांचं.
तिसरा रकाना बहुतेक कोरा.
इमेदा चुलीत काटकी सारत म्हणतो,
मेंढी खाते त्याला एक नाव असतं,
मेंढी मरते त्याला दोन.
उरलेलं सगळं गवत.

तिच्या नकाशात नऊ ठिपके पांढरे आहेत.
तिथे खाती आहे. त्यांच्या भाषेत
खाती म्हणजे देवाचं ठाणं:
रचलेले दगड, एडक्याची शिंगं, गंजलेली घंटा.
मला आपली हिशेबाची खाती आठवली, हसू आलं.
नंतर नाही आलं.
शिवेच्या दगडापलीकडे बाईनं जायचं नसतं.
विळा तिथे जात नाही, मेंढरू जात नाही,
नाझिब्रोला जात नाही.

तिच्याजवळ एका चिठ्ठीची नक्कल आहे, नव्वद वर्षांपूर्वीची:
निळी घंटाफुली, बुटकी. ठाण्याच्या उत्तरेला. पुष्कळ.
लिहिणारा पुरुष होता, हे तिला
'उत्तरेला' या शब्दावरून कळलं.
त्यानंतर कुणी पाहिलेली नाही.
म्हणजे, आढळलेली नाही.

त्या सकाळी ती दगडाशी बसली, बूट काढून.
मी शेजारी, फळ्या मांडीवर.
इमेदा आत गेला. तोडायचं नाही, पानसुद्धा,
हे त्याला सांगावं लागलं नाही.

काय दिसतं?
गवत.
गवताखाली बघ.
निळं काहीतरी.
निळं कशासारखं?

बराच वेळ नुसता वारा.

लोणी काढलेल्या दुधाच्या कडेसारखं.
पान?
कोकराच्या कानामागची लव.
पाकळ्या मोज.
त्यानं मेंढ्या मोजतात तशा जोडीनं मोजल्या,
दोन, चार, आणि ही एक एकटी.
सुट्या की बुडाशी जोडलेल्या?
तो आडवा पडला. आम्हाला फक्त त्याचे तळवे दिसत होते.
जोडलेल्या.
किती रोपं?
ताई, म्हणाला, आता उठायचं कसं ते सांगा,
हात टेकायला जागा नाही.

नाझिब्रोलानं पेन्सिलीला टोक केलं.
टोक होतंच.
डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं,
हा नियम तिचाच, मुलांच्या बोटांवर
पट्टी मारून शिकवलेला.
पाहणाऱ्याच्या रकान्यात सवयीनं
स्वतःचं आद्याक्षर पडलं होतं. खोडलं.
लिहिलं: इमेदा, मेंढपाळ.
आणि शेऱ्यात, बारीक अक्षरात:
मी दगडाच्या अलीकडे, सोळा पावलांवर.
वारा उत्तरेचा. ऐकलं.

उतरताना ती म्हणाली, तिसरा रकाना तुझा,
ठेव काहीतरी नाव.
तो म्हणाला, मेंढी खात नाही, मरत नाही,
त्याला मी कशाला नावं ठेवू?
पण ओढ्यापर्यंत मग शीळ घातली नाही त्यानं,
आणि दोनदा थांबून
अंगरख्याच्या कोपरांना लागलेली माती
झटकता झटकता
राहू दिली.